छापलंय तसं

वाचनालयाच्या बालविभागातल्या खुर्च्या जेमतेम गुडघ्याएवढ्या. त्यातल्या एका खुर्चीत लिफ्टवाला बसला होता, आणि बसताक्षणीच त्याला कळून चुकलं होतं की इथून उठताना कुणाचा तरी हात लागणार. वीस वर्षं बंद पडलेल्या लिफ्टमधून दुसऱ्यांना बाहेर काढण्यात गेली, आणि आज हा बाबा स्वतःच अडकला होता.

"आठ वर्षांच्या मुलीसाठी एखादं चांगलं पुस्तक सांगाल का?" त्यानं विचारलं.

ग्रंथपाल बाई हातातला गठ्ठा कपाटात लावत होत्या. मागे न बघताच त्यांनी विचारलं, "काय आवडतं तिला?"

झाली पंचाईत. कुठल्या इमारतीच्या लिफ्टचं दार कितव्या मजल्यावर कुरकुरतं, हे विचारलं असतं तर गड्यानं झोपेतही सांगितलं असतं. पोटच्या पोरीला काय वाचायला आवडतं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

"पुस्तकं आवडतात," तो म्हणाला.

"अहो, पण कसली? प्राण्यांची? धाडसाची? खदखदून हसवणारी?"

"ते तिची आई बघायची." आणि गेल्या पाच महिन्यांत शंभरदा तरी म्हणून झालेलं वाक्य त्यानं पुन्हा एकदा म्हटलं. "ती आता नाही."

बाई वळल्या. चष्मा सारखा करून त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्ही टिल्लीचे बाबा," असं म्हणत त्या समोरच्या बुटक्या खुर्चीत येऊन बसल्या.

टिल्ली हे घरातलं नाव. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून पडलेलं, ते पार वाचनालयापर्यंत पोचलं होतं. दर शनिवारी मायलेकी इथं यायच्या आणि पिशवी भरून पुस्तकं न्यायच्या. लिफ्टवाला बाहेर स्कूटरवर बसून राहायचा. चार-पाच वर्षांत त्यानं एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं. वाचन हे बायकोचं खातं आणि नळ, दिवे, पंखे हे त्याचं, अशी घरात वाटणी होती आणि ती दोघांनाही मान्य होती.

जाताना बायकोनं आपलं खातं त्याच्या गळ्यात घातलं. हॉस्पिटलमधला तो शेवटचा आठवडा होता. बोलताना तिला धाप लागायची, तरी थट्टा सुटली नव्हती. "बाकी सगळं तुझ्या पद्धतीनं कर," ती म्हणाली होती. "वेणी वाकडी घाल, डब्यात जळकं दे, माझं काही म्हणणं नाही. तिचं वाचन तेवढं सुटू देऊ नकोस." तो हो म्हणाला होता. बायकोला दिलेला तो शेवटचा शब्द, आणि तोच आता त्याच्या हातून जात होता. जेवताना वाचणारी, चालताना वाचणारी, आंघोळीला हाक मारली तर एक पाय बाथरूममध्ये आणि एक बाहेर ठेवून वाचत उभी राहणारी पोरगी चार महिने झाले पुस्तक उघडत नव्हती. शाळेतून चिठ्ठी आली होती. वाचनाच्या तासाला टिल्ली पुस्तक मिटून बसते, विचारलं तर गप्प राहते, घरी लक्ष द्यावे.

बाईंनी ऐकून घेतलं आणि उठून कपाटापाशी गेल्या. "एक सांगू का?" बोटानं पुस्तकं चाळत त्या म्हणाल्या. "मुलांच्या पुस्तकांत आया फार मरतात. लिहिणाऱ्यांना सोयीचं पडतं. आई असली की ती पोराला एकटं जंगलात कशाला जाऊ देईल? मग गोष्ट व्हायची कशी? तेव्हा मी बघूनच देते."

"कुणीच मरत नाही असं द्या," तो म्हणाला. "मुंगीसुद्धा."

बाईंनी तीन पुस्तकं दिली. एकात माकडांचं बिऱ्हाड होतं, एकात चोर पकडणारी मुलगी, एकात घरच्या घरी विमान बनवू बघणारा मुलगा. मग त्यांनी हात पुढे केला आणि लिफ्टवाला त्या खुर्चीतून एकदाचा सुटला.

घरी टिल्लीनं पुस्तकं घेतली. अगदी शहाण्या मुलीसारखी घेतली. एकेक उघडून तिनं शेवटचं पान वाचलं, मिटलं आणि टेबलावर एकावर एक रचून ठेवलं.

"वाच ना," तो म्हणाला.

"वाचलं."

"एवढ्यात?"

"हो."

पुढच्या शनिवारी तीन, त्याच्या पुढच्या शनिवारी चार. सगळ्यांची तीच गत. शेवटचं पान, की मिटलं. लिफ्टवाल्याची बहीण, म्हणजे टिल्लीची आत्या, वहिनी गेल्यापासून याच घरात राहत होती. ती म्हणाली, "अरे, सोड नाद. वाचलं नाही म्हणून कुणाचं अडलंय? तू आणि मी काय वाचून मोठे झालो?" ताईचं बोलणं चूक नव्हतं. पण शब्द ताईनं दिला नव्हता.

मग त्यानं दिसेल त्याला विचारायला सुरुवात केली. कमरेला अडकवलेल्या दुरुस्तीच्या वहीचं मागचं पान पुस्तकांच्या नावांनी भरत चाललं. एका इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरनं ग्रहताऱ्यांचं पुस्तक सांगितलं आणि सोबत, पोरीला गोड कमी द्या, असंही सांगितलं. एका कचेरीतल्या बाईंचा मुलगा फक्त डायनासोर वाचायचा. त्यांनी डायनासोरची सहा पुस्तकं सांगितली, प्रत्येकाचं नाव आधीच्यापेक्षा अवघड. एका पहारेकऱ्यानं बराच विचार करून सांगितलं, "तुम्ही स्वतःच एखादी गोष्ट रचा ना." यावर लिफ्टवाला नुसता हसला. रचण्याचं खातंही बायकोकडेच होतं, हे त्याला अजून कळायचं होतं.

अशात एके दिवशी एका सात मजली इमारतीत लिफ्ट अडकली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, आत एकच बाई. लिफ्टवाला पोचला आणि दाराला तोंड लावून त्यानं आपलं नेहमीचं वाक्य टाकलं. "घाबरू नका हं. दोन मिनिटं."

या धंद्यात 'दोन मिनिटं' या शब्दांना घड्याळाशी काही देणंघेणं नसतं. वीस मिनिटं लागोत की तासभर, अडकलेल्या माणसाला दोन मिनिटंच सांगायचं, हे त्याच्या वस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं. नाहीतर माणूस आत दारं बडवायला लागतो, स्वतःच दार फाकवायला जातो आणि जिवावर बेततं. दुसरी शिकवण म्हणजे त्याच्याशी बोलत राहायचं. त्या दिवशी ब्रेक धड सुटत नव्हता. तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पळत जायचा, खटपट करून खाली यायचा आणि दारातून बोलायचा. बोलता बोलता कळलं की आतल्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. मग काय, यानं तिथंच विचारलं, "बाई, आठ वर्षांच्या मुलीसाठी एखादं पुस्तक सांगता का?"

शिक्षिका आतून म्हणाल्या, "नवीन शोधू नका. तिनं आवडीनं वाचलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, ते बघा. तेच पुन्हा हातात द्या. गाडी जिथं थांबली तिथूनच सुरू होते."

चाळीस मिनिटांनी लिफ्ट चौथ्या मजल्याला लागली. शिक्षिका घामाघूम होऊन बाहेर आल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. "दोन मिनिटं म्हणालात ना? मी चाळीस मिनिटं उभी आहे. दर दोन मिनिटांनी मला वाटत होतं, आता दार उघडेल. खरं सांगितलं असतंत तर मी खाली बसले असते, पाणी प्यायले असते. म्हातारं माणूस म्हणजे काय कुक्कुलं बाळ आहे का?"

लिफ्टवाल्यानं कान धरले. पुस्तकाचा सल्ला मात्र त्यानं वहीत लिहून घेतला.

शनिवारी वाचनालयात गेल्यावर त्यानं तेच विचारलं. ग्रंथपाल बाईंना संगणकात बघावंही लागलं नाही. "लंगड्या घोडीचं," त्या म्हणाल्या. "शेवटचे तीन महिने तुमच्या मिसेस तेच पुन्हा पुन्हा नेत होत्या. परत करायच्या आणि लगेच पुन्हा नावावर घ्यायच्या. मी म्हटलंसुद्धा, लेकीला पाठ झालं असेल. तर नुसत्या हसल्या."

लिफ्टवाल्याचा चेहरा उजळला. हे तर त्यालाही माहीत होतं! संध्याकाळी तो स्वयंपाकघरात चहा पीत बसायचा तेव्हा बाहेरच्या खोलीतून बायकोचा वाचण्याचा आवाज यायचा. हे पुस्तक ती स्वतःच हातात धरायची, टिल्ली नुसती ऐकायची. घोडीचा पाय मोडतो, मुलगा तिची सेवा करतो, सगळे म्हणतात आता काही खरं नाही. आणि शेवटी घोडी टुणकन उठते आणि डोंगरावरच्या कुरणात राहायला जाते. बायको ते वाक्य अशा काही ठसक्यात वाचायची, की आत बसून त्यालाही बरं वाटायचं. हेच ते. एवढं सोपं होतं आणि आपण डायनासोरच्या मागे धावत होतो.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं ते पुस्तक टिल्लीपुढे धरलं. तिनं वरचं चित्र पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हे नको."

"अगं, तुझं आवडतं ना हे? घोडी कुरणात जाते ते?"

"जात नाही."

"जाते की! मी स्वतः ऐकलंय. टुणकन उठते आणि..."

"ते आई वाचायची." टिल्लीचा आवाज अगदी शांत होता. "पुस्तकात तसं नाहीच आहे. पुस्तकात घोडी मरते. एकसष्टाव्या पानावर. तू बघ."

त्यानं पान काढलं. घोडीनं एकदा मान उचलली आणि मुलाकडे पाहिलं. मग तिनं मान खाली ठेवली ती ठेवलीच. त्यानं पानं चाळली. पुढे अजून तीन प्रकरणं होती. कुरण कुठंच नव्हतं.

"शाळेत पण आहे हे पुस्तक," टिल्ली म्हणाली. "आई गेल्यावर मी मुद्दाम घेतलं. मला वाटलं, वाचलं की आईचा आवाज येईल. तर त्यात आईचं काही नव्हतंच." ती बोटं मोजू लागली. "मग मी बाकीची पण बघितली. अस्वलाचे आजोबा लांब राहायला जात नाहीत, मरतात. नावाडी पण मरतो. ती आजारी मुलगी असते ना, जिला मामा घेऊन जातो? तिला मामाच नाही पुस्तकात."

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं..."

"आणि आई म्हणाली होती, मी बरी होऊन घरी येणार. ते पण तिनं तसंच वाचलं." टिल्लीनं वर पाहिलं. "तुला माहीत होतं?"

ते होतंच माहीत. त्या दिवशी डॉक्टरांच्या लहानशा खोलीत दोघं शेजारी शेजारी बसले होते आणि डॉक्टर टेबलावरचं पेन इकडचं तिकडे करत बोलत होते. बाहेर आल्यावर जिन्यात बायको म्हणाली, "टिल्लीला नाही सांगायचं. अजून नाही." हे 'अजून' तीन महिने चाललं आणि मग सांगायला काही उरलंच नाही. त्यानंही मूग गिळले होते. हॉस्पिटलच्या बाकावर टिल्ली रोज विचारायची, आई कधी येणार, आणि तो रोज म्हणायचा, चार-दोन दिवसांत.

आताही उत्तर जिभेवर तयार होतं. नाही गं बाळा, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वीस वर्षांची सवय. हे म्हटलं असतं तर पोरगी कदाचित गप्पही बसली असती. पण ती त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती, जशी गेले काही शनिवार पुस्तकांच्या शेवटच्या पानाकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

"किती दिवस?"

"तीन महिने."

"आत्याला?"

"तिलाही."

"म्हणजे सगळ्यांना. मला सोडून."

स्वयंपाकघरातून आत्या धावत आली. "अरे, वेड लागलंय का तुला? लेकराशी काय बोलतोयस!"

"ताई, राहू दे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की ताई दारातच थांबली.

टिल्ली भिंतीला टेकून खाली बसली. गुडघे पोटाशी घेतले आणि फरशीकडे बघत राहिली. लिफ्टवाल्याला वाटलं, संपलं. वाचन तर गेलंच, आता पोरगीही गेली. ही पुन्हा आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा? बायकोचा राग आला त्याला. मेलेल्या माणसाचा राग येणं किती वाईट, तरी आला. मग स्वतःचा आला आणि तो जास्त वेळ टिकला. तोही तिच्या शेजारी फरशीवर बसला. पुस्तक अजून हातातच होतं.

"वाचू?" त्यानं विचारलं. "छापलंय तसं?"

टिल्लीनं पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बदलायचं नाही."

"नाही."

"एक शब्द पण नाही."

"एक पण नाही."

त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. वाचणं कसलं, यंत्राचं माहितीपत्रक वाचावं तसं एकेक ओळ बोटाखाली धरून तो पुढे सरकत होता. जोडाक्षराला अडखळायचा, स्वल्पविराम गिळायचा, घोडी आणि मुलगा दोघांनाही एकाच आवाजात बोलायला लावायचा. बायकोनं ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती. टिल्ली हसली नाही, पण उठूनही गेली नाही. पाऊण तासानं तिचं डोकं त्याच्या दंडाला लागलं. आत्या दारात उभी होती ती कधीतरी खाली बसली.

एकसष्टावं पान आलं. तो थांबला नाही. घोडीनं मान उचलली. मुलाकडे पाहिलं. मान खाली ठेवली. मुलगा दिवस मावळेपर्यंत तिच्या अंगावरून हात फिरवत राहिला.

"थांब," टिल्ली म्हणाली. तिनं पानावर हात ठेवला. "आई इथं थांबायचीच नाही. एकदम मोठ्यानं वाचायची, घोडी टुणकन उठली, असं. हसायची पण."

"हो. मला आत ऐकू यायचं."

"पण तिच्यासमोर पान हेच होतं ना?"

"हेच."

"म्हणजे तिला हे दिसत होतं. घोडी मेली ते. आणि पुढचं पण सगळं." टिल्ली ओळींवरून बोट फिरवत होती, सावकाश, एकीवरून दुसरीवर. "ती हे मनात वाचायची आणि मला दुसरंच सांगायची."

त्यानं मान हलवली.

"बाबा, म्हणजे हे आईनं रोज एकटीनंच वाचलं?"

तीन महिने. रोज संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन तो त्या दाराच्या आत बसला होता आणि घोडी उठली की त्यालाही बरं वाटत होतं. तिच्या आजाराचं सगळं माहीत असलेला घरात तिच्याखेरीज तो एकटा माणूस होता. चार पावलं चालून तो तिच्या शेजारी येऊन बसू शकला असता. पान बघू शकला असता. त्याला सुचलंच नाही.

"हो," तो म्हणाला. "एकटीनंच. मी तिथंच आत होतो गं टिल्ली. मी पण नाही आलो."

आणि तो रडला. पोरीसमोर रडायचं नाही असं पाच महिने ठरवून ठेवलेलं होतं, ते सगळं वाहून गेलं. टिल्लीही रडली. हुंदके देत, नाक त्याच्या बाहीला पुसत, लहान मुलं रडतात तशी. दारात आत्यानं तोंडाला पदर लावला. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळानं टिल्लीनं पुस्तक त्याच्या मांडीवर सरळ केलं. पुढची तीन प्रकरणं राहिली होती. त्यानं पान उलटायला बोट लावलं, तर तिनं ते धरलं.

"पुढचं नको. हेच परत वाच," ती म्हणाली. "हळू वाच."

त्यानं डोळे पुसले, बोट ओळीखाली ठेवलं आणि घोडीनं मान उचलली तिथून वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीपासून टिल्लीही त्याच्याबरोबर वाचू लागली.